अकरा घरांची झाडं

झऱ्यावरून पाणी आणताना सुकरीबाई रोज वाट वाकडी करायची. डोक्यावरचा पाण्याचा गुंड एका हाताने धरून दुसरा हात एकेका मोहाच्या खोडाला लावायची आणि घराचं नाव घ्यायची. "कोलूचा. इतवारीचा. पोचूचा." शेजाऱ्याला जाता जाता हाक द्यावी, तशा साध्या आवाजात. एकतीस झाडं, अकरा घरं. त्यांतल्या दहा घरांत सहा वर्षं चूल पेटली नव्हती.

आलापल्लीच्या जंगलातला हा अकरा घरांचा टोला. चार कोसांवर सडक झाली, सडकेवर शाळा आणि हातपंप आला, तशी माणसं एकेक करून तिकडे गेली. लेक न्यायला आला तेव्हा सुकरीबाई म्हणाली होती, "तू चाल समोर. मी येतो मांगून." ती अजून निघायचीच होती.

चौऱ्याऐंशीच्या फाल्गुनात लहानू तिथे आला. ब्रह्मपुरीकडच्या बौद्ध शेतमजुराचा मुलगा, वनखात्यात बीटगार्डच्या नोकरीचं दुसरं वर्ष. टोल्याभोवतीचं जंगल तोडून तिथे सागाची रोपं लागणार होती. ज्या मोहाला धनी आहे आणि धन्याचा अंगठा कागदावर आहे, तेवढा सोडायचा, बाकी सारं साफ. यादी आठ दिवसांत हवी होती.

तो पोचला तेव्हा जेमतेम उजाडलं होतं. झाडांखाली पिवळट फुलांचा थर साचला होता, पाय ठेवायला जागा नव्हती. सुकरीबाई मात्र टोकाच्या दोन झाडांखाली वाकून एकेक फूल वेचत होती. टोपली अर्धीच भरली होती.

"बाई, सारा मोह सडून राह्यला. तिकडचा काऊन नाई वेचत?"

"तो माहा नाई."

"पण इथी हाये कोन पाहाले?"

"झाड हाये ना," ती म्हणाली आणि पुन्हा वाकली.

सहा वर्षं. दर फाल्गुनात एवढं खाणं दाराशी पडायचं, अस्वलं खाऊन जायची आणि ही बाई आपल्या दोन झाडांवर वर्ष काढायची. लहानूला बसावंसं वाटलं. तो बसला आणि यादी काढली. तिने एकतीस झाडं न अडखळता सांगितली. कुठलं आधी गळतं, कुठल्याची फांदी कोणत्या वादळात मोडली, कुणाच्या सुनेला कोणत्या झाडाखाली कळा आल्या, सगळं. एवढं सांगून ती अंबाडीची भाजी निवडायला लागली होती.

"बाई, माहं ऐक. सारे तुह्या नावावर लिहितो. एक अंगठा दे, सारे वाचतेत."

"या वयात चोर करतं का मले? उद्या वर गेल्यावर पोचू विचारन, माहा मोह कायले खाल्ला व सुकरे?"

"मंग त्याइले बोलाव."

तिने निवडलेली भाजी उचलली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र सहा वर्षांत पहिल्यांदा ती दुसऱ्यांच्या झाडांखाली वाकली. प्रत्येक घराच्या झाडाखालची ओंजळभर फुलं पळसाच्या पानात बांधली आणि दहा पुड्या लहानूच्या पिशवीत ठेवल्या.

"कोनती कोनाची? खूण तं कर."

"खूण कायले? त्याइले मालूम हाये."

सडकेवरच्या वस्तीत कोलू कौलारू घराच्या ओट्यावर बसला होता. शेजारी रेडिओ चालू होता. लहानूने सगळं सांगितलं आणि पुड्या पुढे ठेवल्या. कोलूने एक सोडली, फूल जिभेवर ठेवलं.

"हा माहा नाई. मांगून जरासा तुरट लागते. इतवारीले बोलवा."

इतवारी आली. तिने नुसता वास घेतला आणि पदर तोंडाला लावला. मग एकेक जण आला. कुणी रेडिओ बंद केला. सहा वर्षांनी, पानातल्या ओंजळभर फुलांतून, माणसं आपापलं झाड ओळखत होती आणि एकही चुकत नव्हतं. लहानू पिशवी धरून उभाच होता.

एक पुडी उरली. कोलूने ती सोडलीच नाही. "पोचूची असन. त्याच्या घरचं कोनी उरलं नाई, बाबू."

दुसऱ्या दिवशी नऊ घरं टोल्यावर आली, तांदूळ बांधून, नातवंडं खांद्यावर घेऊन. तीस झाडांना अंगठे लागले. सुकरीबाईने दोन दिवस सगळ्यांना रांधून घातलं. परत चला म्हणणाऱ्या लेकाला ती तेच म्हणाली, "तू चाल समोर."

पोचूच्या एका झाडासाठी लहानूने सुकरीबाईपुढे पुन्हा शाई धरली. कुणी हसलं नाही, कुणी आग्रहही केला नाही. तिने नकारार्थी मान हलवली. तोडीच्या दिवशी मात्र तिने त्या झाडाखालचा पाचोळा झाडून घेतला, धनी मोह वेचायला येण्याआधी झाडतात तसा. मग बाजूला जाऊन उभी राहिली.

त्यानंतरच्या माघात ती गेली. तिच्या दोन झाडांखाली आता लेक येऊन वेचतो.

ती जाण्याच्या चार दिवस आधी लहानू गस्तीवर असताना तिच्याकडे थांबला होता. ऊन होतं, पाय दुखत होते. अंगणासमोरच्या खुंटावर तो टेकणार, तेवढ्यात ती पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली.

"थ्या खुंटावर नोको बसू, बाबू. पोचूचा हाये तो. इकडं बस, सावली हाये."