चिंचेला टेकवलेली कुऱ्हाड

झाड पाडायचं असेल तर आदल्या दिवशी त्याच्याभोवती एक फेरी मारा, असं मी पेट्रोलच्या करवती घेऊन हिंडणाऱ्यांना आजही सांगतो. वर बघण्याआधी खाली जमीन बघा. ओलं झाड पडण्याआधी करकरतं, पळायला वेळ देतं. वाळलेलं झाड तेवढंही करत नाही. ते हसतात, मशीन सुरू करतात. मला संताप येतो, पण त्यांच्या वयात मी त्यांच्याहून वाईट होतो.

बहात्तरच्या दुष्काळात मी सासऱ्यांबरोबर झाडं पाडायचो. दोन मुठींची लांब करवत, एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी. त्यांची एक रीत होती. आदल्या संध्याकाळी खोडाला हळदकुंकू लावायचं, कुऱ्हाड खोडाला उभी टेकवायची आणि हात जोडून म्हणायचं, "उद्या येतो. जे कोन ऱ्हात आसंल त्यानं जागा सोडावी." सकाळी कुऱ्हाड उभी दिसली की झाडाने परवानगी दिली. पडलेली दिसली तर तीन दिवस त्या झाडाला हात लावायचा नाही.

बेलापूरकडच्या एका मळ्यात विहिरीच्या काठाला जुनी चिंच होती. विहीर आटली, पाठोपाठ चिंचही वाळली. मालकाला विहीर रुंद करायची होती, म्हणून चिंच काढायला आम्हाला बोलावलं. त्याआधीच्या कामात बाभळीपाशी कुऱ्हाड पडली म्हणून आम्ही तीन दिवस माश्या मारत बसलो होतो. मी नुसता धुमसत होतो. माझ्या पहिल्या लेकीचं बारसं दोन दिवसांवर आलं होतं. बायको माहेरी, म्हणजे सासऱ्यांच्याच घरी होती, आणि चिंच पडल्याशिवाय आम्हा दोघांनाही तिकडे जाता येणार नव्हतं.

संध्याकाळी सासऱ्यांनी चिंचेला कुऱ्हाड टेकवली. दुसऱ्या सकाळी मी पुढे गेलो, सासरे मागून येत होते. कुऱ्हाड पडलेली होती. नुसती घसरलेली नव्हे, खोडापासून चार हात लांब, दांडा विहिरीकडे करून. वारा नव्हता. आसपास कुणाच्या पावलांची खूण नव्हती. काठाच्या काळ्या मातीत हात जाईल एवढी भेग होती. ती काल तिथे होती की नाही, मला आठवेना. तरीही मी कुऱ्हाड उचलली, सालीच्या खाचेत दांडा नीट अडकवून उभी केली आणि बाजूला जाऊन तंबाखू मळत बसलो.

सासरे आले, त्यांनी कुऱ्हाडीला हात जोडले. "सोडलं झाडानं," म्हणाले, "चला पावनं."

मळ्याच्या बाजूला त्यांनी खाच घेतली, मग आम्ही विहिरीकडून करवत लावली. भर दुपारी, निम्म्याच्या पुढे गेल्यावर करवत अडकली. सासऱ्यांनी पाचर घेतली आणि ती ठोकायला ते विहिरीच्या काठावर वाकले. मी मूठ सोडून घाम पुसत होतो.

तेवढ्यात माझ्या समोरची करवतीची मूठ हलली. दोन बोटांएवढी वर गेली, थांबली, सावकाश खाली आली. तिला कुणाचाही हात नव्हता. मळ्यात एक पाखरू ओरडत नव्हतं. फक्त पाचरेवर हातोड्याचा ठोका, आणि दर ठोक्यानंतर ती मूठ वर, खाली.

"मामा, बाजूला व्हा," एवढंच म्हणायचं होतं. पण का, असं त्यांनी विचारलं असतं आणि मला सकाळचं सांगावं लागलं असतं. मी दोन ठोके गप्प राहिलो.

चिंच करकरली नाही. काठ खचला आणि ती मुळांसकट विहिरीकडे बसली. सासऱ्यांचा उजवा पाय मांडीपर्यंत खोडाखाली होता.

पाय वाचला नाही. बारसं झालं नाही. त्या दिवशी आम्ही सगळे दवाखान्याच्या ओट्यावर होतो. भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांना विचारायचा, कुऱ्हाड बघितली नव्हती का?

"बघितली. उबी हुती," ते म्हणायचे. "झाड खोटं बोललं."

काठ रातोरात सरकायला लागला असेल आणि कुऱ्हाडीने तेवढंच सांगितलं असेल, हे मला पुढे कळलं. ती चार हात लांब कशी गेली, ते मात्र अजून कळलेलं नाही.

सासरे त्यानंतर बारा-तेरा वर्षं जगले. दारात कडुनिंब होता, पण उन्हाळ्यातही ते त्याच्या सावलीत बसले नाहीत. लेक मोठी झाली, त्यांचा हात ओढायची, "आजोबा, सावलीत या ना."

"नगं बाई. झाडाचा भरवसा न्हाई."

मग ते मला हाक मारायचे आणि मी त्यांची बाज उचलून आणखी उन्हात सरकवायचो. मला स्वतःची शिसारी यायची. तेवढं करायचो, पण त्यांना कधी काही सांगितलं नाही.