कोणाचे रोडगे खाल्ले?

निवडणुकीची ड्युटी मी इतक्या वेळा केली आहे की मी मेलो तर मला न्यायला यमाचा रेडा येणार नाही, तहसीलची जीप येईल. तीही उशिरा. अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यात अशी शाळा दाखवा जिच्या फरशीवर मी मतदानाच्या आदल्या दिवशी पाठ टेकली नाही. डास चावले, विंचू चावले, पुढारी चावले. पण किळस आली ती एकदाच, आणि तीही रोडग्यांची.

गाव नांदगाव खंडेश्वरकडचं, निवडणूक ग्रामपंचायतीची. एक पॅनेल कपबशीचं, एक पंख्याचं, आणि दोन्हींचे म्होरके चुलतभाऊ. मी केंद्राध्यक्ष. माझ्या हाताखाली एक शिक्षिका होत्या, चिखलदऱ्याच्या पलीकडे डोंगरातल्या शाळेवरच्या. त्यांची लहान मुलगी अमरावतीला आजीजवळ वाढत होती. "गुरुजी, बदलीची फाईल सहीला गेली. आता उन्हाळा झाला की मी घरी," हे त्यांनी मला, शिपायाला आणि बहुधा जीपच्या ड्रायव्हरलाही सांगून झालं होतं.

प्रशिक्षणात साहेबांनी बजावलं होतं, गावात कोणाचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. साहेब बाहेरचे असावेत. वऱ्हाडात जेवायला नाही म्हणणं म्हणजे यजमानाच्या सात पिढ्यांवर थुंकणं.

संध्याकाळी शाळेत सामान लावतो न लावतो तोच कपबशीवाला टोपलं घेऊन हजर. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे रोडगे, वरण, वांग्याची भाजी, आणि तूप इतकं की पाय घसरून माणूस बुडावा. मागोमाग पंखेवाला. तेच रोडगे, तेच वांगं. मी म्हातारा कोल्हा. दोघांना समोर बसवलं, एक रोडगा याचा खाल्ला, एक त्याचा, वरणाच्या वाट्याही बरोबरीच्या. दोघं माझ्या घासांकडे असे बघत होते की मतमोजणीला एवढं लक्ष कोणी देत नाही.

"मॅडम, तुमी काहून नुसत्या बसल्या? घ्या नं," कपबशीवाला म्हणाला.

"नको. माझ्याजवळ आहे."

"आमच्या घरचं चालत नाही का तुमाले?" पंखेवाल्यानं विचारलं.

"कोणाचंच नको, दादा. साहेबांचा हुकूम आहे." आणि बाईंनी आपल्या डब्यातली भाकरी-चटणी भिंतीकडे तोंड करून खाल्ली.

मतदान झालं, मोजणी झाली, आणि कपबशी थोड्याशा मतांनी जिंकली. लगेच पंखेवाल्यानं तक्रार ठोकली: मॅडम कपबशीच्या मिळालेल्या, म्हणून आमच्या रोडग्यांना हात लावला नाही. आता गंमत ऐका. जिंकलेल्यानंही तक्रार केली. मतं आणखी पडायला हवी होती म्हणे. मॅडम पंख्याच्या, म्हणून आमच्या टोपल्याकडे पाहिलं नाही. दोन्ही अर्ज तहसीलसमोरच्या एकाच टायपिंगवाल्यानं केलेले, फक्त चिन्ह बदललेलं. आणि मी, दोन्हीकडचं तूप ओरपलेला, निष्पक्ष अधिकारी ठरलो.

बाईंना नोटीस निघाली, आणि चौकशीला मी साक्षीला गेलो. बाई बाजूच्या खुर्चीवर. पंख्याखाली साहेब, म्हणजे तेच, पाणीसुद्धा नको म्हणणारे.

"बाईंनी जेवण नाकारलं?"

"हो साहेब. तुम्हीच सांगितलं होतं. खरं तर नोटीस मला द्यायला पाहिजे, दोन्ही टोपल्यांतलं मी खाल्लं."

साहेब हसले. "गुरुजी, तुमच्याविरुद्ध तक्रार कुठे आहे? गावात थोडं सांभाळून घ्यावं लागतं. बाईंना ते जमलं नाही." मग बाईंपुढे कागद सरकवत म्हणाले, "चौकशीचा निकाल लागेपर्यंत बदली थांबेल. नियमच आहे."

बाईंनी कागदावर सही केली. पर्समधला मोबाईल वाजत होता, आजीचा असणार. तो त्यांनी उचलला नाही. डोंगराकडे जाणाऱ्या परतवाड्याच्या एसटीकडे सरळ निघून गेल्या.

मी बाहेर आलो तर चहाच्या टपरीवर कपबशीवाला आणि पंखेवाला एकाच बाकड्यावर, गळ्यात गळा. सरपंच याचा, उपसरपंच त्याचा, असं त्यांचं जमलं होतं. एकाच बशीत फुंकर मारून चहा पीत होते, दोघांच्या मिशा सारख्याच ओल्या.

"जमलं तुमचं तर तक्रारी मागे घ्या," मी म्हणालो.

"कायच्या?"

"मॅडमच्या."

"कोनती मॅडम?" पंखेवाल्यानं खरोखर आठवून पाहिलं. "हां, ते. जाऊ द्या नं गुरुजी, ते सरकारचं काम हाय, चालत राह्यते. आज वावरात रोडगे हायेत. बसा गाडीत."

जन्मात मी रोडग्यांना नाही म्हटलेलं नाही. गोवऱ्यांचा धूर दिसला की मी वाट सोडून जेवायला जाणारा माणूस.

"नको," मी म्हणालो. "माझ्याजवळ आहे."

माझ्याजवळ काही नव्हतं. रिकामी पिशवी होती. दोघांनी ती पाहिली, मग एकमेकांकडे पाहिलं. कपबशीवाल्यानं बशी खाली ठेवली आणि हळूच चुलतभावाला विचारलं,

"गुरुजी कोनाचे निघाले मंग?"