क्रीटच्या वाटेवरचं बिऱ्हाड

व्हिसासाठी काढलेला माझा फोटो बघून आमचे हे म्हणाले, "भांडायला निघाल्यागत दिसतीस." मी म्हटलं, निघालेच आहे. लेक शिकायला म्हणून क्रीटला गेली आणि तिथंच नोकरीला लागली. क्रीट हे भूमध्य समुद्रातलं एक बेट. तिथं ऑलिव्हच्या झाडांवर पडणाऱ्या रोगाचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा आहे, तिच्यात ती काम करते. कोल्हापुरात शेतकी शिकलेली पोरगी, आपल्या उसाला काय कमी रोग आहेत का, असं माझं तिला कैकदा विचारून झालं होतं. आता तिचा करार संपत आला होता आणि तिथल्या लोकांनी कायम करू का म्हणून विचारलं होतं. हे तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी डंकावरून मिरची कांडून आणायला निघाले होते. मिरची राहिली, आणि महिन्याभरात आम्ही दोघं विमानात बसलो.

मला तिला परत आणायची होती. याच्यात लपवण्यासारखं काही नाही. घर बांधलं तेव्हा वरचा मजला तिच्यासाठी म्हणून चढवला होता. तिथं मी सांडगे वाळत घालते, चटणीच्या बरण्या ठेवते, पण भाडेकरू काही ठेवला नाही. शेजारीण म्हणायची, अहो, नर्सिंगच्या पोरी विचारत्यात. मी म्हणायची, ती आल्यावर मग काय गच्चीवर निजायचं होय तिनं? काय बोलायचं ते विमानात मनात घोकून ठेवलं होतं. शेवटाला डोळ्यांत पाणी आणायचं हेसुद्धा ठरलं होतं.

पण तिकडं गेल्यावर पोरगी हाताला लागेल तर शपथ. आज हे बघा, उद्या ते खा. रविवारी म्हणाली, समुद्राकाठच्या गावातून डोंगरावर चढून जाऊ, वर छोटं देऊळ आहे, तिथं जेवू आणि परत येऊ. यांनी गुडघ्यावर हात ठेवला. मला मात्र हुरूप आला. माझं माहेर शाहूवाडीकडचं, घाटाच्या कडेचं. आत्या खाली कोकणात दिलेली. लहानपणी तिच्याकडं जायचं म्हणजे तांदळाचं गाठोडं घेऊन जंगलातनं उतरायचं आणि येताना फणस नाहीतर सुकी मासळी घेऊन चढायचं. वाटेला फाटा आला की मागनं येणाऱ्यासाठी करवंदीची फांदी मोडून ठेवायची, ही आमची खूण. तेव्हा डोंगरातली वाट कुणी मला शिकवू नये, असं मी लेकीला बजावलं. ती नुसती हसली.

वाट फार देखणी होती, खोटं कशाला बोलू. मागं निळा समुद्र, पुढं राखी रंगाचा डोंगर आणि मधे ऑलिव्हच्या बागा, आपल्या नाचणीच्या पायऱ्या असतात तशा पायरीपायरीनं चढवलेल्या. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायच्या, शेळी काही दिसायची नाही. कोरड्या ओढ्यात बघते तर कण्हेर फुललेली. बांधाला घायपात, कुंपणाला निवडुंग. पायाखाली एक झुडूप चुरडलं तर ओव्यासारखा वास आला. मी यांना म्हटलं, बघा, ही सगळी आपल्याकडचीच दिसतात, नोकरीला इकडं आल्यागत. हे म्हणाले, परत न्यायला त्यांची आई आली नसेल. माणूस दिवसभर बोलत नाही, आणि बोलला की असा बोलतो.

लेक पुढं चालली होती. वाटेत एक मेंढपाळ भेटला, मिशाळ, काळ्या सदऱ्यातला. तिनं त्याच्याशी त्याच्या भाषेत काहीतरी चेष्टा केली आणि दोघं मोठ्यानं हसले. अगदी कोल्हापुरी हसली ती, चार घरं पलीकडं ऐकू जाईल असं. मला कळलं नाही कशाला हसली ते. माझ्या पोरीच्या हसण्याचं कारण मला कळलं नाही, हे पहिल्यांदाच झालं.

मग ते दगड दिसायला लागले. वाटेच्या कडेला, थोड्या थोड्या अंतरावर, दगडावर दगड रचलेले. मोठा खाली, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. बघताक्षणी मला ओळख पटली. आपल्याकडं डोंगरावरच्या देवाला गेलं की माणसं वाटेच्या कडेला अशीच घरं रचतात. स्वतःचं घर व्हावं म्हणून मागणं असतं ते. आम्ही भाड्याच्या खोल्यांतून बिऱ्हाडं हलवत होतो तेव्हा जोतिबाच्या डोंगरावर मीही रचलं होतं. वरचा चपटा दगड लेकीनं ठेवला होता, जीभ बाहेर काढून, श्वास रोखून. पुढं आमचं घर झालं. त्यामुळं ते दगड बघून मला या बेटावरच्या लोकांची मायाच आली. म्हटलं, इथंही बिचाऱ्यांना घरं परवडत नसणार.

वाट कोरड्या ओढ्यातनं चालली होती, तिथं एका ठिकाणी ओढ्याला दोन फाटे फुटले होते. लेक आणि हे उजवीकडं वळून पुढं गेले. मी चपलेतला खडा काढायला थांबले. हो, चपलेतला. बूट मी कबूल केले नव्हते. डाव्या फाट्याच्या तोंडाशी एक गर्द झाड होतं आणि त्याखाली छान सपाट जागा. अशी जागा बघून गप्प बसवेना. मी पदर खोचला आणि घर रचलं. चांगलं ऐसपैस, भक्कम पायाचं, त्यांच्या सगळ्या घरांपेक्षा उंच. हात जोडले आणि म्हटलं, जोतिबा, पोरीचं घर कोल्हापुरात होऊ दे. गावाचं नाव दोनदा घेतलं. देव इतक्या लांबचं ऐकणार, घोटाळा नको. मग मी त्यांना गाठलं आणि कुणाला काही बोलले नाही.

वर पांढरं, एका खोलीएवढं देऊळ होतं. सावलीला बसून भाकरी, चटणी आणि तिथलं खारट चीज खाल्लं. चटणीनं लेकीच्या नाकातनं पाणी यायला लागलं. पूर्वी असं होत नव्हतं. मला वाटलं, आता विषय काढावा, पण खाली सगळा समुद्र पसरला होता, हे पाठीवर पडून घोरायला लागले होते आणि ती माझ्या पायाचे तळवे दाबत होती. अशा वेळी कोण भांडेल?

उतरताना त्या फाट्याशी आलो, तर डाव्या ओढ्यातनं एक गोरं म्हातारं जोडपं मागं फिरून येत होतं. दोघांच्या पोटऱ्या काट्यांनी ओरबाडलेल्या, बाईच्या टोपीत काटक्या अडकलेल्या. लेकीनं त्यांना पाणी दिलं. ती बाई हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि शेवटी तिनं बोट दाखवलं ते थेट माझ्या घराकडं. लेक वळली.

"आई, हे तू रचलंस?"

"मग? तुझ्यासाठी हाय ते," मी ऐटीत म्हटलं.

तेव्हा तिनं सांगितलं. ते दगड घरांसाठी नसतात. ती वाटेची खूण असते. पायवाट पुसट असते म्हणून जाणारा माणूस मागच्यासाठी दगड रचून जातो. हे दोघं माझा बुरूज बघून खात्रीनं डावीकडं वळले आणि शेळ्यांच्या वाटेनं जाऊन काटेरी जाळीत अडकले. म्हणजे ती त्यांची करवंदीची फांदी होती. शाहूवाडीची लेक, वाट शिकवायला निघालेली, आणि दोन म्हाताऱ्या माणसांना काट्यात घातलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्या बाईपुढं मी हात जोडले.

लेक म्हणाली, हे पाडायला हवं, आणखी कुणी चुकेल. मी आडवी उभी राहिले. मागण्याचं घर मांडल्यावर मोडत नाहीत. मोडलं तर ज्याच्यासाठी मागितलं त्याचं घर होत नाही. हे मला माझ्या आईनं सांगितलं होतं आणि मी तिला.

"काय मागितलंस?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. कोल्हापूर दोनदा म्हटलं तेही सांगितलं. घोकलेलं भाषण कुठल्या कुठं गेलं.

ती तिथंच दगडावर बसली. म्हणाली, "आई, मी त्यांना हो म्हणून कळवलंय. तुम्ही यायच्या आधीच. सांगायचं धाडस होत नव्हतं."

मला राग आला. मग वाईट वाटलं. मग रागाचं आणि वाईटाचं काय ते कळेनासं झालं. इतके दिवस ही मला समुद्र दाखवत होती, खाऊ घालत होती, पाय दाबत होती, ते सगळं हे पोटात ठेवून. ते गोरं जोडपं अवघडून उभं होतं. त्यांना वाटलं असणार, आमच्या पोटऱ्यांवरून केवढं हे रामायण. आमचे हे मात्र माझ्या घराजवळ उकिडवे बसून पाया बघत होते. म्हणाले, "काम बेस झालंय. पण जागा चुकली."

जागा चुकली तर आम्ही आयुष्यभर काय केलं होतं? बिऱ्हाडं हलवली होती. एका गल्लीतनं दुसऱ्या गल्लीत, हातगाडीवर, देव्हारा आधी आणि बाकीचं मागनं. मी पदर परत खोचला.

"मोडायचं न्हाई," मी म्हटलं. "हलवायचं."

वरचा दगड मी घेतला. लेकीनं दुसरा. पायाचे दगड यांनी आणि त्या म्हाताऱ्या बाबानं मिळून उचलले. काय चाललंय हे त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. उजव्या वाटेच्या तोंडाशी, लांबून दिसेल असं घर परत उभं केलं. शेवटचा चपटा दगड मी लेकीच्या हातात दिला. तिनं जीभ बाहेर काढली, श्वास रोखला आणि ठेवला. चाळिशीकडं निघालेली बाई, पण तोंड तेच. मी हात जोडले आणि पुन्हा म्हटलं, जोतिबा, पोरीचं घर होऊ दे. या वेळी गावाचं नाव घेतलं नाही. ते ओठांवर आलं होतं, मी गिळलं. त्या गोऱ्या बाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मग मात्र मी रडले, न ठरवता.

कोल्हापुरात परत आलो त्याला बरेच दिवस झाले. वरच्या मजल्यावर आता नर्सिंगच्या दोन पोरी राहतात. दिवसभर धडाधडा दारं आपटतात आणि माझी चटणी संपवतात. सांडगे गच्चीवर गेले.

गेल्या रविवारी लेकीचा फोन आला. ती पुन्हा त्या वाटेनं गेली होती. मागं वाऱ्याचा आवाज येत होता, घंटा वाजत होत्या.

"आई, तुझ्या घरावर कुणीतरी दगड वाढवलेत," ती म्हणाली. "चांगला एक मजला चढवलाय."

मी परातीतला हात तसाच ठेवला.

"जिना ठेवलाय का बघ," मी म्हटलं. "म्हातारी माणसं चढायची हायत."