हँडब्रेकवरचा हात

थोरले दोघे आपापल्या संसाराला लागले आणि अप्पा धाकटीच्या वाट्याला आले. उभा जन्म बस चालवलेला माणूस. एका डोळ्याने दगा दिला, परवाना गेला, आणि त्यांच्या जुन्या गाडीचं चाक लेकीच्या हाती आलं. कवळ्या बनवण्याच्या कारखान्यातली तिची नोकरी अर्ध्या दिवसावर आली. उरलेला अर्धा दिवस अप्पांचे डोळे, अप्पांचे गुडघे, अप्पांची औषधं.

मग गाडीत जळका वास येऊ लागला, नाकात चुरचुरणारा. धाकटीने बॉनेट उघडून वायरी हुंगल्या. तिथे काही नव्हतं. एकटी कामावर जाताना वास नसायचा, अप्पा शेजारी असले की हमखास. शेवटी मेकॅनिकने मागची चाकं खोलली. ब्रेकचे शू जळून काळे ठिक्कर पडले होते. हँडब्रेक सोडायला विसरता, असं तो म्हणाला ते तिला झोंबलं. पण विसरलं तर कळणार कसं? समोरचा हँडब्रेकचा लाल दिवा केव्हाच गेलेला.

पुढच्या खेपेला दवाखान्याकडच्या उतारावर गाडी एकदम जड झाली. तिने तिरक्या नजरेने पाहिलं. अप्पांच्या मांडीवर घडी केलेला कोट होता आणि कोटाखालून हात हँडब्रेकवर. बटण दाबून, आवाज होऊ न देता, त्यांनी तो वर ओढून धरला होता.

तिने गाडी कडेला घेतली.

"अप्पा, हे कधीपासून चाललंय?"

अप्पा समोरच्या काचेतून बघत राहिले. "उतारावर तू गाडी सोडून देतेस. मी नुसता बसून काय करू?"

"अर्धी नोकरी सोडून मीही बसूनच आहे, अप्पा," ती म्हणाली. तिने हँडब्रेक खाली केला.

दुसऱ्या दिवसापासून तिने त्यांना मागे बसवलं. नवे शू टाकले, वास थांबला. पण मागून त्यांना रस्ता धड दिसेना. वळण आलं की ते सीटची कड गच्च धरत आणि विचारत, कुठे आलो? मग ती सांगू लागली: डावीकडे घेतेय, पुढे ट्रक आहे, आता उतार लागेल. सांगणं थांबलं की मागचा श्वास जोरात ऐकू येई, म्हणून थांबायची सोय नव्हती.

एका सकाळी ती एकटीच कारखान्याकडे निघाली होती. सिग्नल सुटला.

"उजवीकडे वळतेय," ती मोठ्याने म्हणाली, आणि मागची सीट रिकामी आहे हे तिला वळून गेल्यावर आठवलं.