आलेले आणि आणलेले

मोठा आकडा समोर आला की तो चष्मा कपाळावर सरकवी, पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेई आणि हळूच विचारी, "आले का आनले?" सभेची गर्दी असो, लग्नाची पंगत असो, की एखाद्या संकेतस्थळावर एकाएकी लोटलेले वाचक असोत, प्रश्न तोच. वाचकहो, असा एखादा संशयी माणूस तुमच्याही ओळखीत असेल. अशी माणसे सहसा कोणाला आवडत नाहीत. हा मला आवडला, आणि का आवडला याचा शोध मला अजून पुरता लागलेला नाही.

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या बसस्थानकामागे त्याचे संगणक दुरुस्तीचे दुकान होते. महाविद्यालयात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर मराठी टंकलेखन शिकण्यासाठी मी तिथे जाऊ लागलो. घरात मराठी आणि शाळेत हिंदी, अशी आमच्याकडची रीत. मातृभाषेत लिहायला मी साठीनंतर बसलो. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसे. तो त्याच्या पडद्यासमोर, मी माझ्या, असे आम्ही फारसे न बोलता बसत असू.

त्याचा जीव दुकानात नव्हताच. जगभरच्या संगणकवाल्यांचा इंटरनेटवर एक मंच आहे. सभासद तिथे वाचण्याजोग्या लिंका टाकतात, इतर त्यांना मते देतात, आणि ज्या लिंकेला मते अधिक ती वर चढते. वर चढली की हजारो लोक त्या वाटेने जातात. एखादे लहान संकेतस्थळ तर त्या लोंढ्याखाली बंदच पडते. या मंचाला बिनपगारी राखणदार असतात, आणि दर वर्षी सभासद त्यांना निवडून देतात. हा त्यांतला एक होता. बालाघाटात हे मला आणि त्याच्या वहिनीला ठाऊक होते; वहिनीच्या लेखी तो "तिकडचा पंच" होता.

आपल्याकडे निवडणुका जवळ आल्या की त्याच्या संशयाला धार येई. तंत्रज्ञानाच्या बातमीचा वेश घेऊन कुणा पुढाऱ्याची स्तुती मंचावर येई आणि पाहता पाहता वर चढे. मग हा मते देणाऱ्यांची खाती एकेक करून उघडून पाही. मला एकदा त्याने समजावून सांगितले, "आलेला मानूस इकडं तिकडं पाह्यते, कोनाशी भांडते, मंग मत देते. आनलेला सरळ पेटीकडे जाते."

संशय मंचापुरता नव्हता. माझ्या मुलीला मुलगा झाला तेव्हा मी पेढे नेले, तर पेढा हातात धरून तो कशाचे म्हणून विचारत राहिला. नातवाचा फोटो दाखवला, तेव्हा कुठे पेढा तोंडात गेला.

एकदा लांजीकडचा एक प्रचारवाला मोटारसायकलवरून आला. याचा मंचावर वट आहे, असे त्याला कोणीतरी सांगितले असावे. तो गोड आवाजात म्हणाला, "भैया, बस एक लिंक ऊपर चढ़ा दो."

"चढ़ा तो दूँगा," हा म्हणाला, "पर उतारेगा कौन? वो भी मैं ही हूँ."

तो माणूस हसला, पण जाताना दुकानाची पाटी नीट वाचून गेला. ते हसणे आणि ते वाचणे, दोन्ही मला आवडले नाही.

त्या वर्षी मंचाची निवडणूक आली तेव्हा याच्यासमोर परदेशातला एक तरणा उमेदवार उभा होता. हा अस्वस्थ होता. दुकान तसेही आटत चालले होते. एका दुपारी पडद्यावरून नजर न काढता तो म्हणाला, "दुकान गेलं तं जाऊ द्या सर. थे काम गेलं, तं मंग मी कोन?" त्याच्या शेजारी बसून मीही मंचाचा सभासद झालो होतो, आणि माझे मत त्याला आधीच देऊन टाकले होते.

मतदान चालू असताना तो एक दिवस गोंदियाला जाऊन आला. दुकानाची एक किल्ली त्याने माझ्याकडे ठेवली होती. दुसऱ्या दुपारी मी गेलो तेव्हा त्याने मान वर केली नाही. पडद्यावर काही नवी खाती होती. सगळी आदल्या दुपारी उघडलेली, सगळ्यांचे मत यालाच, आणि सगळी याच दुकानाच्या इंटरनेटवरून. आधी त्याने लांजीवाल्याचे नाव घेतले. त्यानेच आपल्याला बदनाम करायला सापळा लावला असणार. मग तो थांबला. परक्या माणसाला दुकानातले इंटरनेट कसे मिळेल? तो माझ्याकडे वळला. चष्मा कपाळावर नव्हता, डोळ्यांवर होता.

"सर, काल तुम्ही होते न इथं? कोनाले बसवलं का?"

मी काल आलोच नव्हतो. तसे सांगितले. ऐकून त्याने ती खाती पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतली. मला रागावता येत नाही. मी माझी छत्री शोधू लागलो.

तेवढ्यात वहिनी डबा घेऊन आल्या. वॉर्डातला महिलांचा बचत गट त्या चालवतात. त्यांचा चेहरा फुललेला होता. "भाऊजी, काल तुम्ही गोंदियाले गेलते, तं मी घरच्या किल्लीनं दुकान उघडून आमच्या गटाच्या बायाईले इथं आनलं होतं. एकीच्या सुनेनं सगळ्याईचं खातं उघडून देल्लं. सगळ्याईनं तुम्हालेच मत देल्लं."

तो फार हळू बोलला. "आनलं काहून, वहिनी?"

"निवडनुकीले बाया आनाच लागते, बाप्पा. आपल्या मनानं कोन येते?"

मग त्याने पायाने माझी खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाला, "बसा सर." त्याच्या लेखी माझी माफी मागून झाली होती. वहिनीला त्याने एवढेच विचारले की डब्यात भाजी कशाची आहे.

त्या गेल्यावर तो लिहायला बसला. ती खाती गुपचूप काढून टाकण्याचा अधिकार त्याच्याकडे होता, कोणाला कळले नसते. मी तसे सुचवले. त्याने विचारले, "तुमच्या वर्गात तुमचाच पोरगा असता, तं त्याचा पेपर तुम्ही तपासला असता?" त्याने साऱ्या मंचाला उद्देशून लिहिले की ही मते माझ्या घरातून आली आहेत, प्रेमाने आणलेली आहेत, पण आणलेली आहेत. म्हणून मी उमेदवारी मागे घेतो, असेही लिहिले. इंग्रजी मी सुधारून दिले. शेवटी 'प्रेमाने' हा शब्द त्याने काढायला सांगितला. मी राहू द्या म्हटले.

"थे पुराव्यात येत नाही, सर."

मंचावर धन्यवादांची रीघ लागली. पण त्याच संध्याकाळी कोणीतरी विचारले की हा प्रामाणिकपणाही प्रचारच नसेल कशावरून, आणि इतके धन्यवाद एकदम आले कुठून? ते वाचून तो मोठ्याने हसला. त्याला तसे हसताना मी प्रथमच पाहिले. "बरोबर विचारलं त्यानं," तो म्हणाला. ज्याच्यासाठी मते आणली त्याचेही खाते बंद करायचे, या मंचाच्या नियमाप्रमाणे मग त्याचे खातेही बंद झाले.

वहिनींनी निकाल विचारला तेव्हा मी तिथेच होतो.

"हरलो, वहिनी."

"किती मतानं?"

"थोड्याच."

"पुढच्या साली आनखी बाया आनीन."

"हौ," तो म्हणाला, आणि खाली मान घालून जेवू लागला.

त्या हिवाळ्यात दुकान बंद करून तो नागपूरला एका कंपनीत नोकरीला गेला. त्या जागी आता मोबाइलची कव्हरे लटकलेली असतात. तो मंच मी अधूनमधून उघडतो. वर चढलेली बातमी दिसली की ती कोणी चढवली असेल असा संशय येतो, आणि विचारायला शेजारी कोणी नसते.

परवा भाजीबाजारात वहिनी भेटल्या. भाऊजींचे बरे चालले आहे, म्हणाल्या. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तिकडच्या लोकाईनं त्याईले पाह्यलंच कुठं, सर? चार दिवस सोबत बसले असते, तं त्याईलेच निवडलं असतं."