किलवणी नाक्याच्या बसमधलं इंग्रजी

पेपरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, किलवणी नाक्यावर कंपनीची बस उभी होती आणि माझा पाय काही पायरीवर पडत नव्हता. आत बसलेल्या सगळ्याजणी एकच प्रश्न विचारणार होत्या... कसा गेला पेपर?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी मूळची धुळ्याकडची, लग्नानंतर सिल्वासात आले. गलोंड्याच्या एका प्लास्टिक कंपनीत पॅकिंगला आहे, आणि क्लार्कच्या परीक्षा देत असते. वयाच्या अटीमुळे हा माझा शेवटचा प्रयत्न होता.

गणित माझं बरं आहे, जीकेही पाठ असतं. घोडं अडतं ते इंग्रजीपाशी. शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे मोबाईलवरचे शब्द रात्री घोकायचे आणि सकाळी पाटी कोरी. दर वेळी इंग्रजीच मला कटऑफच्या खाली खेचायचं, आणि दर वेळी मी ठरवायचे की आता बास... मग पुढची जाहिरात आली की पुन्हा फॉर्म भरायचे.

अशीच एकदा बसमध्ये पुटपुटत बसले होते. शेजारी हेतल होती. ती इथलीच, गुजराती माध्यमाची, नोकरी करून कॉलेजच्या परीक्षा देणारी पोरगी. बराच वेळ ऐकून घेतलं तिनं आणि मग माझा मोबाईल सरळ पर्समध्ये टाकला.

"दीदी, ऐसे याद नहीं रहेगा. हर शब्द को एक आदमी दे दो."

तिथून आमचा खेळ सुरू झाला. रोज नवीन शब्द काढायचे आणि ओळखीतल्या माणसांना वाटून टाकायचे. शब्द ज्याला मिळेल त्याच्यावर एक अख्खं इंग्रजी वाक्य करायचं, आणि चुकलं तर गाणं म्हणायचं. सुरुवातीला बसमध्ये माझ्या अहिराणी गाण्यांचा नुसता कार्यक्रम असायचा!

टिफिनचा डबासुद्धा उघडून बघणारे गेटवरचे वॉचमन झाले 'सस्पिशस'. सतत हॉर्न वाजवणारे ड्रायव्हरकाका 'इम्पेशंट'. त्यांच्यावर वाक्यं करता करता माझं 'सिन्स' आणि 'फॉर' एकदाचं सुधारलं, कारण चुकले की अख्खी बस ओरडायची. 'जनरस' मात्र कुणी घेईना... ज्याला मिळेल त्यानं सगळ्यांना ठेपले वाटायचे असं ठरलं होतं ना.

फक्त रमिलाबेन खेळात नव्हत्या. त्या इथल्याच दुधनी गावच्या, आमच्यात सगळ्यांत मोठ्या. मागच्या सीटवर ओढणी डोक्यावरून घेऊन डोळे मिटून बसायच्या. आम्ही बोलावलं की म्हणायच्या, "मने एमां नहि नाखता." मला त्यात ओढू नका.

मग आम्ही त्यांनाच एक शब्द देऊन टाकला, 'रिलक्टंट'. म्हणजे इच्छा नसलेली, आढेवेढे घेणारी. अर्थ सांगितल्यावर त्यांनी एक डोळा उघडून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. जरा वाईटच वाटलं मला, पण शब्द असा पक्का बसला की विचारू नका.

आणि पेपरात नेमका तोच आला! प्रश्न वाचला आणि डोळ्यांसमोर रमिलाबेन, ओढणीसकट. मला हसू आवरेना, सुपरवायझर मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. तेवढं सोपं गेलं, पण शेवटचा उतारा वेळेअभावी अर्धा राहिला. बाहेर आले तेव्हा वाटलं, गेलं सगळं. घरी येऊन जेवलेही नाही.

म्हणून त्या सोमवारी मी बसच्या दाराशी नुसती उभी होते. सरळ मागे फिरावं, तब्येतीचं कारण सांगावं, असं मनात चाललं होतं. ड्रायव्हरकाकांनी हॉर्न दिला, हेतल आतून हाका मारत होती. मी ढिम्म.

एवढ्यात मागच्या खिडकीची काच सरकली. ओढणी मागे सारून रमिलाबेननी मान बाहेर काढली.

"वैशाली, आजे तो ए शब्द तारो," म्हणजे आज तो शब्द तुझा, असं म्हणाल्या. मग आत वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, सावकाश एकेक शब्द ठेवत बोलल्या... "शी इज रिलक्टंट. बट शी विल कम."

मग जो काही गोंधळ उठला! बाई झोपत नव्हत्या, इतके महिने डोळे मिटून सगळं ऐकत होत्या. वाक्यात एक चूक नव्हती, आणि त्यांचं पहिलं इंग्रजी वाक्य माझ्यासाठी होतं. मला रडू फुटलं आणि रडत रडतच मी बसमध्ये चढले.

पेपर कसा गेला हे कुणीच विचारलं नाही. हेतलनं ठेपले काढले आणि रमिलाबेननी सरकून मला शेजारी जागा दिली. त्या दिवसापासून त्या खेळात आहेत, आणि चुकल्या की गाणं म्हणायला अजिबात तयार होत नाहीत.

आज संध्याकाळी निकाल लागला. लेखी पास झाले... इंग्रजीसकट! टायपिंगची परीक्षा अजून व्हायची आहे, तेव्हा पेढे एवढ्यात मागू नका. पण जिथे दर वेळी अडायचे, तिथून यंदा पुढे गेले. क्लास मला परवडला नसता, त्या बसनंच मला शिकवलं. त्या सगळ्याजणींचे उपकार कसे फेडायचे, मला खरंच कळत नाही.

त्यांना अजून सांगितलेलं नाही. उद्या सकाळी बसमध्येच सांगणार आहे, तेही इंग्रजीत. मघापासून वाक्य जुळवत बसलेय... आणि चुकलं तर गाणं म्हणेन.