मोटेच्या कातड्याचे पॅकिंग

लिंगाप्पाच्या घराण्यात मेंढरे राखण्याखेरीज दुसरे काम कोणी केले नव्हते. हैदराबादेत मोटार शिकून आल्यावर भालकीजवळच्या आमच्या गावात उद्धवरावांची मोटार चालवण्याची जागा त्याला मिळाली, ती आता हातची जाते की काय अशी वेळ आली होती. मोटारीचे इंजिन गार ठेवणारा पाण्याचा पंप निकामी झाल्यावर हैदराबादहून आलेला नवा पंप त्याने स्वतः बसवला. मात्र पंप आणि इंजिन यांच्या सांध्यात घालायचे पॅकिंग खोक्यात नव्हते.

त्याने जुन्या मोटेचे कातडे कापले, करडीच्या तेलात मुरवले आणि सांध्यात बसवले. ज्या कातड्याने विहिरीचे पाणी वर्षानुवर्षे धरले, ते पंपाचे पाणी धरणार नाही, अशी शंका येण्याचे त्याला कारण नव्हते.

वाड्यासमोर गार इंजिनातून थेंबही पडेना. मोटार ओढ्यापर्यंत गेली, इंजिन तापले, की सांध्यातून धार लागे. त्याने नट आवळले. पुन्हा धार. मग अधिक जाड कातडे घातले. पुन्हा धार.

उद्धवराव ओसरीवरून म्हणाले, "लिंगाप्पा, ही मोटार हाय का गळकी घागर?"

"पंपच वाकडा आलाय, मालक."

"पंप वाकडा, का तू? उद्या बिदरच्या अदालतीत माझी तारीख हाय. दिस मावळायच्या आत गळायचं थांबलं न्हाई, तर बैलगाडी जुंपतो, अन् येताना दुसरा डायव्हर घेऊन येतो."

लिंगाप्पाने पंप पुन्हा उतरवला आणि कातडे भिरकावून दिले. भाकरी घेऊन आलेल्या त्याच्या बायकोने, म्हाळसाने, ते उचलून पाहिले.

"हे कामून असं वाळल्या पापडावानी वळलंय?"

"कातडं हाय. भिजलं, वळलं."

"मोटंचं कातडं कवा वळलंय? ते गार पाण्यात ऱ्हातंय. तुमी तर ह्याला उकडायलाव."

"तुला मोटारीतलं काय कळतंय?"

"मोटारीतलं न्हाई, चुलीवरलं कळतंय. हैदराबादेत पंप बसवताना बघितलाव न्हाई का कुणाला?"

"बघितलो की. मिस्त्रीनं जाड कागद कापला, त्याला जवसाच्या तेलात कालवून शेंदूर फासला. मला वाटलं, पूजा करायलाय."

"मिस्त्री कोण?"

"करीमभाई."

म्हाळसा त्याच्याकडे पाहतच राहिली. "अवो, करीमभाई कशाला शेंदूर वाहील पंपाला?"

शेंदूर पूजेचा नव्हता, सांधा बुजवायचा होता, हे लिंगाप्पाच्या आता ध्यानात आले. आधीचा राग निदान पंपावर काढता येत होता. हा कोणावर काढावा, ते त्याला समजेना. भाकरीला हात न लावता तो उठला. दुकानातून शेंदूर आणला, जवसाच्या तेलात कालवला, पंपाच्या खोक्याचा पुठ्ठा सांध्याच्या मापाने कापून दोन्ही बाजूंनी माखला आणि नट एकाआड एक, समोरासमोरचे, आवळत गेला. मोटार ओढा ओलांडून पार माळापर्यंत नेली. सांधा कोरडा राहिला.

सकाळी उद्धवरावांना घेऊन तो निघाला. नोकरी राहिली होती, परंतु सांध्यावर विश्वास बसत नव्हता. प्रत्येक चढानंतर तो मोटार थांबवी, उतरे आणि वाकून खाली पाही. शेवटी उद्धवराव वैतागले.

"आता काय गळायलंय रे?"

"काईच न्हाई, मालक."

"मग बस की! मोटार चांगली हाय, अन् तुझ्या उतरण्यापायी माझी तारीख चुकायची."